शत्रूची कबुतरी

कबुतरवाल्याची साक्ष काझी धरत नाही, असं आमच्या अम्मानमध्ये म्हणतात. खरोखरच कुठल्या काझीने असा निकाल दिला होता की नाही, हे तपासायला कुणी गेलेलं नाही. पण बोलणं असं काही रुळलंय की एखादा कबुतरवाला लग्नाच्या करारावर साक्षीदार म्हणून सही करायला पुढे झाला, की नवरीचा मामा उगाचच खाकरायला लागतो. कारण उघड आहे. तुमचं पाखरू भरकटून दुसऱ्याच्या थव्यात उतरलं आणि तुम्ही त्याच्या दारात जाऊन चौकशी केलीत, तर तो छातीवर हात ठेवून, वेळ पडली तर डोळ्यांत पाणी आणून सांगणार, "वल्लाह, पाहिलंसुद्धा नाही." आणि त्याच वेळी ते पाखरू त्याच्या सदऱ्याच्या आत घुमत असणार.

जुहदी हा असा कबुतरवाला. एरवी माणूस सोन्यासारखा. जौफ्याच्या टेकडीवर, जिथे घरं एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन उभी आहेत, तिथे वरच्या मजल्यावर तो राहायचा आणि गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमागे त्याची ढाबळ होती. रविवार ते गुरुवार तो एका शाळेची बस चालवी. सकाळी पोरं गोळा करायची, दुपारी घरोघर वाटायची. पोरं किंचाळत, भांडत, खिडकीतून डबे फेकत. एकदा एकाने जुहदीच्या टोपीत उकडलेलं अंडं ठेवलं होतं आणि ते टोपी घातल्यावरच कळलं. मग शुक्रवारी गच्चीवर जाऊन तो शीळ घाली, आकाशातली तीसेक पाखरं एका गिरकीत पायाशी उतरत, तेव्हा त्याला वाटे, शाळा कबुतरांसाठी काढल्या असत्या तर देशाचं कल्याण झालं असतं.

त्याला सगळे अबू अरीज, म्हणजे अरीजचा बाप, म्हणत. बापाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची आमची रीत. अरीज झाली तेव्हा नातेवाईक म्हणाले, "जरा दम धर. मुलगा होईल, मग त्याच्या नावाने हाक मारू." जुहदीने दम धरला नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्याने बसच्या पाठीवर रंगाऱ्याकडून 'अबू अरीज' लिहून घेतलं. शाळेने ते पुसायला लावलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. मुलगा पुढे झालाही नाही, आणि जुहदीने त्याची वाटही पाहिली नाही.

तर ही अरीज आता औषधशास्त्राच्या शेवटच्या सत्रात आली होती, आणि त्या सत्राची फी रविवारी दुपारच्या आत भरायची होती.

गुरुवारी संध्याकाळी जुहदी घरी आला तेव्हा त्याची बायको सौसन जमिनीवर बसून उकडलेल्या इवल्याशा वांग्यांत अक्रोड आणि लाल मिरची भरत होती. ही वांगी तेलात मुरवून, बरण्या भरून ती गल्लीत विकायची.

"किती कमी पडतायत?" बूट काढता काढता जुहदीने विचारलं.

"आधी चहा घ्या."

"म्हणजे बरेच."

"दीडशे दिनार. चहात साखर कमी घालू का? तेवढीच बचत."

जुहदी हसला नाही. त्याचं लक्ष तिच्या हाताकडे होतं. लग्नात घातलेल्या सोन्याच्या बांगड्यांपैकी एकच आता उरली होती. बाकीच्या अरीजच्या एकेका सत्रात गेल्या, आणि दर वेळी जुहदीला ते फी भरून झाल्यावरच कळायचं. काम करताना ही उरलेली बांगडी सौसन कोपरापर्यंत वर सरकवून ठेवी. आज ती मनगटावर होती, आणि शेजारी साबणाच्या पाण्याचं भांडं होतं. वांग्याचं तेल काढायला एवढा साबण लागत नाही, हे जुहदीलासुद्धा समजत होतं.

"ती बांगडी वर सरकव," तो म्हणाला. "उद्या मी बाजारात जातो. पाखरं विकायला."

सौसनचा हात थांबला. गेली वीस वर्षं ती म्हणत आली होती, "विका ती पाखरं! गव्हाला पैसे, औषधाला पैसे, आणि धुतलेल्या चादरींवर त्यांची मेहेरबानी!" आता तो स्वतःहून विकायला निघाला, तर तिला आनंद व्हायला हवा होता. तो कुठे होईना.

"सगळी?"

"चांगली तेवढी. उरलेली असून नसल्यासारखीच."

आतल्या खोलीतून अरीजचा आवाज आला. "बाबा, मी एक सत्र थांबते ना. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात माणूस हवंय त्यांना."

"तू कान पुस्तकात घाल."

"कान पुस्तकात कसे घालणार?"

"शेवटच्या वर्षाला आलीस आणि एवढंही शिकवलं नाही? मग फी कसली मागतात!"

त्यावर तिघंही हसले, आणि फीचं बोलणं तेवढ्यावर थांबलं.

शुक्रवारी आमच्या भागात नळाला पाणी येतं. त्यामुळे सुट्टी असूनही सगळी टेकडी भल्या पहाटे जागी असते; टाक्या भरायच्या, जिने धुवायचे, आठवड्याचे कपडे काढायचे. जुहदी पिंजरे घेऊन गच्चीवर गेला तेव्हा खाली सौसनचं धुण्याचं यंत्र घरघरायला लागलं होतं. त्याने एकेक पाखरू उचललं. पंख उघडून पाहिले, पायातले बारीक घुंगरू पुसले, आणि पिंजऱ्यात ठेवलं. पाशाला मात्र बाहेरच ठेवलं. पाशा हा त्याचा राखाडी नर. छाती फुगवून असा चालायचा की जणू गच्चीचं भाडं तोच वसूल करतो. पाशा थव्याचा म्होरक्या. तो उडाला की बाकीची उडत, तो बसला की बसत. त्याला कधी पिंजऱ्यात घालावं हे जुहदीचं ठरत नव्हतं, म्हणून त्याने सिगारेट पेटवली.

आणि सिगारेटच्या धुरातून त्याला हानम दिसली.

पांढरीशुभ्र, मानेवर तांबूस पट्टा, पायांत लाल मण्यांचे तोडे. समोरच्या शहादेच्या गच्चीवर ती घिरट्या घालत होती. एक फेरी, दुसरी फेरी, उतरल्यासारखं करायची आणि पुन्हा वर. कारण उतरायला तिथे काही उरलंच नव्हतं.

शहादे हा जुहदीचा शत्रू. आमच्याकडे कबुतरवाल्यांत दोनच नाती असतात. एकतर तह, म्हणजे तुझं पाखरू आलं तर मी परत देईन, माझं आलं तर तू दे. नाहीतर युद्ध, म्हणजे आलं ते माझं. शहादे आणि जुहदी यांच्यात पहिल्यापासून युद्ध होतं. ते कशावरून सुरू झालं हे दोघांनाही धड आठवत नसे. पण युद्ध फक्त आकाशात. जमिनीवर शहादे त्याच्या बसच्या पोरांचे फाटलेले बूट फुकट शिवून द्यायचा, आणि शहादेचा गॅस संपला की सिलिंडर जुहदीकडून जायचं. जिन्यात भेटले की गळाभेट. गच्चीवर गेले की दोघंही एकमेकांना दिसेनासे होत.

दीड महिन्यापूर्वी शहादे गेला. त्याच्या बायकोने, उम्म मुनीरने, सगळी पाखरं शेजारच्या झर्का शहरातल्या कुणा तरुणाला एकठोक विकून टाकली आणि ढाबळीची लाकडं पावाच्या भट्टीवाल्याला दिली. त्या विकलेल्या पाखरांतली ही राणी. शहादे तिच्यासाठी गव्हातले खडे स्वतः चष्मा लावून निवडायचा.

जुहदीने सिगारेट टाकली. पिंजऱ्यांची दारं उघडून सगळा थवा हवेत सोडला, पाशाला हातात धरून त्याचे पंख फडफडवले, मुठीतले मक्याचे दाणे पत्र्यावर खुळखुळवले. शीळ घातली. हानम डिश अँटेनावर जाऊन बसली. मग टाकीवर. मग पुन्हा आपल्या रिकाम्या गच्चीवरून एक फेरी. खाली नमाजाची वेळ झाली, माणसं मशिदीतून परतली, सौसनने धुणं आणून वाळत घातलं आणि नवऱ्याकडे एकदा पाहून, एक अक्षर न बोलता ती खाली गेली. नदीकाठी गळ टाकून बसलेल्या माणसाशी आणि पाखरू उतरवणाऱ्या माणसाशी बोलू नये, एवढं तिला संसाराने शिकवलं होतं.

शेवटी पाशाने काम केलं. तो जमिनीवर गोल गोल फिरत असा काही घुमला की हानम खाली आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि मान तिरकी करून बघायला लागली. जुहदीने वरून जाळी टाकली.

हातात घेतल्यावर तिचं काळीज धडधडत होतं. जुहदीचं जास्त.

जेवायला मुजद्दरा होती. म्हणजे आपली मसुराची खिचडीच, वर तळलेला कांदा. महिनाअखेरीला आमच्या गल्लीत सगळ्या घरांतून तळलेल्या कांद्याचाच वास येतो.

"बाजार संपला असेल आता," सौसन म्हणाली. "पाखरं तर घरीच दिसतात."

"बाजाराची गरजच नाही. बाजार आपल्या घरी चालत आला. उडत आला." जुहदीने सगळं सांगितलं. व्यापारी मिस्बाहला त्याने फोनवरून फोटोही पाठवला होता. मिस्बाहने दोनशे दिनार कबूल केले होते. उद्या संध्याकाळी घ्यायला येणार. "फी भरून वर पन्नास उरतील. हिवाळ्याचं रॉकेलसुद्धा सुटलं!"

"पण बाबा, ती झर्क्याच्या माणसाने विकत घेतलीय ना?" अरीजने विचारलं.

"झर्क्याच्या माणसाशी माझा तह आहे का? नाही. मग?"

"मग युद्ध तरी आहे का?"

जुहदी अडखळला. "युद्ध शहादेशी होतं. पाखरू शहादेचं. तोडे शहादेचे."

"शहादेकाका वारले."

"माणूस वारला की युद्ध संपतं असं कुठे आहे? युद्ध तहाने संपतं. आम्ही तह केला? नाही केला."

"मग आता जा कब्रस्तानात पांढरं फडकं घेऊन," सौसन म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी कांदा वाढला. तिच्या बोलण्यात राग नव्हता. दीडशे दिनार तिलाही हवे होते. "आणि तो झर्क्याचा विचारायला आला तर?"

"आला तर... जे सगळे सांगतात ते सांगेन."

 अरीजने घास खाली ठेवला आणि वडिलांकडे पाहिलं. खिचडीत खडा लागावा तसं जुहदीचं तोंड झालं. खरं तर खडा नव्हता.

संध्याकाळी तो पुन्हा वर गेला. हानम बावरू नये म्हणून त्याने पाशाला शेजारच्या पिंजऱ्यात ठेवलं होतं. पाशा बिचारा घुमून घुमून दमला होता. हानम त्याच्याकडे अधूनमधून बघायची, पण तोंड तिचं शहादेच्या गच्चीकडे. जुहदीने पिंजरा फिरवून ठेवला. ती आत फिरली आणि पुन्हा तिकडेच तोंड करून बसली.

"नाही गं तिथे कुणी," तो म्हणाला. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की शहादे गेल्यापासून शीळ घालून झाली की तोही तिकडे बघत थांबतो. पूर्वी शीळ घातली की पलीकडून मुद्दाम मोठी शीळ यायची. ती मेली शीळ ऐकून संताप संताप व्हायचा. आता संताप करायला गच्चीवर कुणी उरलं नव्हतं. युद्ध जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण अंगावर येत होती ती नुसती शुक्रवारची संध्याकाळ.

शनिवारी सकाळी नाश्त्याला ताजी फलाफल आणि तिळाचे पाव होते, आणि तिसरा घास घेताना दार वाजलं.

दारात एक तरुण. केसांना एवढं तेलकट काहीतरी चोपडलेलं की माशी बसली असती तर घसरली असती. "अस्सलाम अलैकुम, काका. मी बरजस. झर्क्याहून आलो. मिनीबसवर कंडक्टर आहे."

"म्हणजे आपल्याच धंद्यातला," जुहदी घाईघाईने म्हणाला. "ये, बस. पोरं नेतोस की मोठी माणसं?"

"मोठी माणसं. पोरांपेक्षा वाईट, काका. पोरं निदान भाडं बुडवत नाहीत." तो बसला. "उम्म मुनीर काकूंकडे गेलो होतो. त्या म्हणाल्या, समोर विचार. माझी पांढरी मादी परवा उडाली. महिनाभर पंख बांधून ठेवली होती. मित्र आले, म्हटलं दाखवू या जरा शान, दोरा सोडला, आणि बाईसाहेब ज्या गेल्या त्या गेल्या. मित्र अजून हसतायत."

"अरे अरे," जुहदी म्हणाला. कबुतरवाल्याचा चेहरा कसा असावा हे त्याला वीस वर्षांच्या सरावाने माहीत होतं. तो आपोआप तसा झाला. भुवया वर, ओठ खाली.

"काका, मला माहितेय तुम्ही काय सांगणार. मी सकाळपासून चार गच्च्या पालथ्या घातल्या. चौघांनी अल्लाची शपथ घेतली, त्यातल्या एकाने तर रडून दाखवलं. माझ्यावरच त्याच्या पाठीवरून हात फिरवायची वेळ आली. मीसुद्धा असाच सांगतो ना लोकांना. पण मी त्या सगळ्या पाखरांपायी एक वर्षाची शिल्लक ओतलीय, आणि खरं म्हणजे त्या एकटीच्या जोरावर ओतली. बाकीची काय, कोंबड्यांत सोडली तरी ओळखू येणार नाहीत."

तेवढ्यात अरीज चहाचा ट्रे घेऊन आली. तिच्या काखेत पुस्तक होतं. बरजसने पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"ही ताई शिकते ना? बस्. अल्लाची शपथ नको, काका. ती सगळे घेतात. या ताईच्या परीक्षेची शपथ घेऊन सांगा की आली नाही. मी उठून जातो."

जुहदीने छातीवर हात ठेवला होता. तोंडही उघडलं होतं. ट्रेवर तीन पेले होते आणि तिन्हींत पुदिन्याचं एकेक पान तरंगत होतं. अरीज ट्रे घेऊन तशीच उभी होती, आणि वाफ तिच्या चष्म्यावर चढत होती. तिला तो पुसता येत नव्हता.

"आहे," जुहदी म्हणाला.

"काय?"

"इथंच आहे. वर. काल दुपारी उतरवली मी."

बरजस मांडीवर थाप मारून हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे लाल झाले.

"मानलं तुम्हाला! म्हणजे विकलीतसुद्धा! मी जिना चढून वर जाणार, तुम्ही म्हणणार, 'अरेच्चा, आत्ता तर होती, उडाली वाटतं.' आणि मी दुसऱ्या गच्च्या हुंगत फिरणार. काका, एवढी जुनी युक्ती? मी काय काल अंड्यातून निघालो?"

"अरे बाबा, चल वर, दाखवतो."

"ज्याच्याकडे असतं तो कधी 'आहे' म्हणतो का? एवढं तर लहान पोरालाही कळतं." बरजस उठला. त्याचं हसणं आता ओसरलं होतं. "निदान रडून तरी दाखवायचं होतंत. चहाबद्दल आभार, ताई." आणि तो धडाधड जिना उतरून गेला. चहा त्याने घेतलाच नव्हता.

 सौसन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"झालं," जुहदी म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी आशा होती. "मी खरं सांगितलं. त्याने मानलं नाही. आता माझ्यावर काही उरलं नाही ना?"

सौसनने मनगटावरची बांगडी गोल फिरवली. "तुम्ही सांगितलंत खरं," ती म्हणाली. "पण पाखरू अजून आपल्या गच्चीवर आहे."

"मिस्बाह दोनशे देतोय, सौसन."

"मला मोजता येतं, अबू अरीज."

यापेक्षा तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. जुहदी उठला. गच्चीवर गेला, पिंजऱ्यातून हानमला काढली, सदऱ्याच्या आत घातली आणि जिना उतरायला लागला. आमच्या टेकडीचे जिने चढताना माणूस देवाचं नाव घेतो आणि उतरताना डॉक्टरचं. घरच्या चपला, पोटाशी धडपडणारं पाखरू, आणि वाटेत भेटणारा प्रत्येक जण विचारतोय, "काय अबू अरीज, आग लागली का?" बरजस खालच्या वळणावर दिसला. जुहदीने हाक मारली. बरजसने वळून पाहिलं आणि जोरात चालायला लागला. कबुतरवाला पाठी लागला की काहीतरी गळ्यात मारणार, हा त्याचा अनुभव.

"थांब रे! आहे! माझ्याकडेच आहे!" जुहदी ओरडला.

फलाफलवाल्याच्या दुकानासमोर रांगेतली माणसं बघायला लागली. आपल्याकडे दुसऱ्याचं पाखरू आहे असं भर चौकात ओरडत धावणारा कबुतरवाला जौफ्याने कधी पाहिला नव्हता. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने तर शेजाऱ्याला विचारलं, "उन्हाने झालं की काय?"

जुहदीने धापा टाकत सदऱ्याची बटणं सोडली. आतून आधी एक पांढरं पीस बाहेर आलं, मग हानमची मान.

बरजस जागच्या जागी उभा राहिला. त्याने हात पुढे केले, मागे घेतले, पुन्हा पुढे केले. तोडे पाहिले. मानेवरचा पट्टा पाहिला. "हीच," तो म्हणाला, आणि मग हळू आवाजात, जणू त्याला संकटात टाकलंय अशा सुरात, "काका, तुम्ही असं का केलंत?"

"मला विचारू नकोस. मलाच कळलेलं नाही. घे लवकर, माझं मन बदलायच्या आत."

बरजसने तिला घेतलं आणि खिशात हात घातला. सापडलेली वस्तू परत देणाऱ्याचं तोंड गोड करायची रीत आहे. जुहदीने मान हलवली. मग जरा थांबून तो म्हणाला, "पुन्हा पळेल ती. आज नेलीस तर परवा इथं."

"पंख बांधीन."

"किती दिवस बांधशील? तिच्या डोक्यात ती गच्ची आहे. दुसरं काहीतरी डोक्यात शिरल्याशिवाय ती निघायची नाही. हिला जोडा हवा. मनासारखा. अंडी घातली, पिल्लं झाली, की मग तुझी गच्ची हेच तिचं घर."

"माझ्याकडे सहा नर आहेत. सगळ्यांना टोचून काढलं तिने."

जुहदीने टेकडीकडे वर पाहिलं. त्याला उत्तर माहीत होतं, आणि ते देऊ नये असंही वाटत होतं. ही हानम काल उतरली ती मक्यासाठी नाही. सकाळी त्याने पाहिलं होतं, पिंजऱ्याच्या जाळीतून ती पाशाच्या मानेवरची पिसं चोचीने नीट करत होती.

"माझ्याकडे एक आहे," तो म्हणाला.

दोघंही पुन्हा जिना चढले. या वेळी बरजसने चहा घेतला, दोन पेले घेतले. गच्चीवर हानमला पाशाच्या पिंजऱ्यात सोडलं, आणि पाशा छाती फुगवून असा गर्रकन फिरला की बरजस म्हणाला, "अरे, हा तर आमच्यातलाच कंडक्टर! तिकिटाचे पैसे मागायला जातो तेव्हा मी असाच चालतो."

"दीडशे," जुहदी म्हणाला. घासाघीस केली नाही. केली असती तर कदाचित जास्त मिळाले असते, कदाचित कमी. पण पाशावर घासाघीस करायची त्याची तयारी नव्हती.

बरजसने पाकीट काढलं, उलटं करून झटकलं. शंभर निघाले. दुसऱ्या खिशातून काही चिल्लर आणि एक कंगवा. "शंभर आत्ता. पन्नास येत्या गुरुवारी, पगार झाला की. काका, वल्लाह, माझ्या आईच्या..."

"थांब," जुहदी म्हणाला. "शपथ घेऊ नकोस. घेतलीस तर माझा विश्वास उडेल. नुसतं सांग."

बरजसचा हात छातीकडे जाता जाता हवेत राहिला. तो ठेवायचा कुठे हे त्याला कळेना. शेवटी त्याने तो खिशात घातला. "गुरुवारी देतो," तो म्हणाला. शपथेशिवाय बोललेलं वाक्य त्यालाच उघडंवाघडं वाटत असावं, कारण त्याची मान खाली गेली.

पिंजरा घेऊन तो जिन्यात दिसेनासा झाला, तोवर जुहदी टाकीला टेकून उभा होता. पाशाने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मग जुहदीने फोन काढून मिस्बाहला कळवलं की येऊ नकोस. मिस्बाहने त्याला काय काय म्हटलं ते इथं सांगण्यासारखं नाही, पण त्यात जुहदीच्या डोक्याचा उल्लेख वारंवार होता.

दुपारी सौसनने हिवाळ्याच्या रॉकेलसाठी वांग्यांच्या बरण्यांमागे दडवलेले पन्नास दिनार आणून चटईवर ठेवले. जुहदीला त्या जागेचा पत्ता नव्हता आणि आताही तिने तो दिला नाही, पैसे कुठून आले हे विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, "थंडी पडायला वेळ आहे." अरीजने सगळे पैसे लिफाफ्यात घातले आणि लिफाफा पुस्तकात ठेवला. मग ती बापाजवळ येऊन बसली आणि त्याच्या सदऱ्यावर चिकटलेली पांढरी पिसं एकेक करून वेचत राहिली.

"त्या औषधांच्या दुकानात मी संध्याकाळी दोन तास जाणार आहे," शेवटी ती म्हणाली. "विचारत नाहीये. सांगतेय."

"कान पुस्तकात घाल," जुहदी म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. आणि तो नाही म्हणाला नाही.

ऊन उतरल्यावर सौसन वाळलेले कपडे काढायला वर आली. जुहदी थवा उडवायच्या तयारीत काठीला बांधलेलं फडकं हलवत होता. पाखरं उठली खरी, पण म्होरक्या नव्हता. कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे, दोघी नुसत्याच टाकीवर जाऊन बसल्या. सुट्टीच्या घंटेनंतर शाळेच्या दारात पोरांचं जे होतं तेच आकाशात झालं होतं.

"देईल का हो तो पोरगा?" सौसनने विचारलं. तिच्या खांद्यावर चादर होती.

"देईल." जुहदीने विचार केला. "म्हणजे, देईल असं वाटतं. आणि नाहीच दिलं तर थंडीत अंगावर चादरी दोन घेऊ."

"एक तुमच्या पाखरांनी आत्ताच खराब केलीय," ती म्हणाली आणि चादर त्याच्यासमोर धरली.

जुहदीने चादरीकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. एक तरुण ठिपक्यांची मादी थव्याच्या पुढे जाऊन बावचळल्यासारखी मागे बघत होती. मागे सात-आठ पाखरं तिच्यामागून वळत होती. ती आपल्याच मागे येतायत हे तिला अजून कळलं नव्हतं. जुहदीने दोन बोटं तोंडात घातली आणि नेहमीची सवय मोडून, समोरच्या रिकाम्या गच्चीकडे न बघता, तिच्यासाठी लांब शीळ घातली.